माता-बालक योजना, १९५१: बिशपांचं पत्र आणि आयर्लंडचं मंत्रिमंडळ

१२ एप्रिल १९५१ रोजी डब्लिनच्या 'आयरिश टाइम्स'ने एक अख्खा पत्रव्यवहार छापला. पंतप्रधान आणि आर्चबिशप यांच्यातली पत्रं, आरोग्यमंत्री आणि बिशप यांच्यातली पत्रं, आणि शेवटी पक्षाच्या अध्यक्षाने आपल्याच आरोग्यमंत्र्याकडे राजीनामा मागणारं पत्र. आदल्याच दिवशी पायउतार झालेले आरोग्यमंत्री डॉ. नोएल ब्राऊन यांनी हा सगळा ऐवज वर्तमानपत्रांच्या हाती दिला होता. वाद होता तो एवढाच: गरोदर आणि बाळंत बायकांना, तसंच सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना, उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वैद्यकीय सेवा द्यायची की नाही.

त्याच अंकातल्या अग्रलेखाने म्हटलं की, रोमन कॅथलिक चर्च हेच या देशाचं खरं सरकार असावं असं दिसतं. तेव्हापासून हे प्रकरण 'बिशपांनी सरकार नमवलं' अशाच शब्दांत सांगितलं जातं. पण कागदपत्रं क्रमाने वाचली की मला वेगळंच दिसतं. सरकारला नमवायची वेळच आली नाही. मंत्रिमंडळ आधीपासून वाकलेलं होतं आणि त्यात सगळ्यात जास्त वाकले होते ते कडवे रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटनपासून पूर्ण सुटलेलं प्रजासत्ताक हवं असणारे. हे असं का झालं, हे समजून घेण्यासाठी तीस वर्षं मागे जावं लागतं.

बहिष्कृतांचा वारसा

ऑक्टोबर १९२२ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, आयर्लंडच्या बिशपांनी संयुक्त पत्रक काढलं. ब्रिटनशी झालेला तह अमान्य करून लढणाऱ्या रिपब्लिकनांच्या लढ्याला नीतीचा कसलाही आधार नाही, आणि जे तो चालू ठेवतील त्यांना पापनिवेदनानंतरची क्षमा मिळणार नाही, कम्युनियनही (प्रार्थनेतला पवित्र प्रसाद) मिळणार नाही, असं त्यात स्पष्ट सांगितलं होतं. श्रद्धाळू कॅथलिक घरातल्या विशी-बाविशीच्या पोरांना हा घाव बंदुकीच्या गोळीहून कमी नव्हता. तरी बरेच जण हटले नाहीत. धर्म बिशपांकडून घेऊ, राजकारण नाही, ही त्यांची भूमिका होती. एमन डी व्हॅलेरा याच फळीतले.

डी व्हॅलेरांनी १९२६ मध्ये फिना फॉइल हा पक्ष काढला आणि १९३२ मध्ये ते सत्तेवर आले. त्याच वर्षी जूनमध्ये डब्लिनला जागतिक युकॅरिस्टिक काँग्रेस, म्हणजे कॅथलिकांचा मोठा धार्मिक मेळावा, भरली, आणि दहा वर्षांपूर्वी ज्यांना कम्युनियन नाकारायचं फर्मान निघालं होतं तेच आता मंत्री म्हणून पोपच्या प्रतिनिधीचं स्वागत करायला उभे राहिले. १९३७ च्या राज्यघटनेत कलम ४४ ने कॅथलिक चर्चचं 'विशेष स्थान' मान्य केलं, कलम ४१ ने घटस्फोटाला बंदी घातली आणि कुटुंब हा समाजाचा मूळ घटक ठरवला. आपल्याकडे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना ही राज्यघटना वेगळ्या कारणाने ठाऊक असते: भारताची मार्गदर्शक तत्त्वं तिच्या कलम ४५ वरून घेतली आहेत. आपल्या कलम ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य म्हटलंय. ज्या देशाकडून आपण हा साचा घेतला, त्याच देशात कुटुंबाचं कलम आणि राज्याच्या कर्तव्याचं कलम यांच्यातला ताण आरोग्याच्याच प्रश्नावर उघडा पडावा, ही गोष्ट मला या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा ओढत राहिली आहे.

डी व्हॅलेरांनी चर्चशी जुळवून घेतलं. मागे उरले ते त्यांच्याहून कडवे. १९३१ मध्ये आयआरएच्या, म्हणजे रिपब्लिकनांच्या सशस्त्र संघटनेच्या, मंडळींनी 'सोर एरा' नावाची समाजवादी वळणाची संघटना काढली. बिशपांनी तिला जाहीरपणे धर्मविरोधी आणि कम्युनिस्ट ठरवलं आणि ती बघता बघता संपली. तेव्हापासून रिपब्लिकन म्हटलं की मागे 'लाल' हे विशेषण चिकटायची भीती कायमची बसली. शॉन मॅकब्राइड यांनी हा सगळा काळ आतून पाहिला होता. त्यांचे वडील मेजर जॉन मॅकब्राइड यांना १९१६ च्या उठावानंतर गोळ्या घालून मारलं गेलं. आई मॉड गॉन स्वतः चळवळीतली. १९३६ मध्ये शॉन काही काळ आयआरएचे प्रमुखही होते. पुढे वकील झाले आणि जुलै १९४६ मध्ये त्यांनी 'क्लॅन ना पोब्लख्टा' हा पक्ष स्थापन केला. एकसंध आयर्लंड, प्रजासत्ताकाची घोषणा आणि गरिबीविरुद्ध ठोस कार्यक्रम, या तीन गोष्टींवर तो उभा होता.

ऑक्टोबर १९४७ मध्ये मॅकब्राइड पोटनिवडणूक जिंकले. निवडून येताच त्यांनी डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅक्वेड यांना पत्र लिहून आदर व्यक्त केला आणि आपली सेवा त्यांच्या हवाली केली. फिना फॉइलची माणसं प्रचारात त्यांच्यावर कम्युनिस्ट असल्याचा आरोप करत होती. त्याला मॅकब्राइडनी शोधलेलं उत्तर हे होतं.

फेब्रुवारी १९४८ च्या निवडणुकीत १४७ पैकी ६८ जागा फिना फॉइलला मिळाल्या, क्लॅन ना पोब्लख्टाला १०. डी व्हॅलेरांना हटवायचं म्हणून बाकीचे सगळे एकत्र आले. सर्वांत मोठा घटक होता फिन गेल, म्हणजे तहाच्या बाजूने लढलेल्यांचा पक्ष. त्याचे नेते रिचर्ड मुल्काही हे यादवी युद्धात रिपब्लिकन कैद्यांना गोळ्या घालण्याची शिक्षा देणाऱ्या बाजूचे सेनापती. त्यांच्या हाताखाली बसणार नाही, असं मॅकब्राइड यांच्या पक्षाने ठणकावून सांगितलं, म्हणून पंतप्रधानपद जॉन कॉस्टेलो यांच्याकडे गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सेनापतीला नकार द्यायची धमक या पक्षात होती. पण सरकार बनताच मंत्रिमंडळाने पोप बारावे पायस यांना तार केली, ती त्यांच्या चरणी निष्ठा अर्पण करणारी होती.

लाल चिठ्ठी

नोएल ब्राऊन यांनी डॉलमध्ये, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहात, पहिल्यांदा पाऊल ठेवलं त्याच दिवशी ते आरोग्यमंत्री झाले. वय ३२. क्षयाने त्यांचं घर खाल्लं होतं: आईवडील लहानपणीच गेले, भावंडं गेली, खुद्द त्यांनाही क्षय झाला. पुढे विक्लो परगण्यातल्या न्यूकॅसलच्या सॅनेटोरियममध्ये त्यांनी डॉक्टर म्हणून काम केलं. मंत्री झाल्यावर त्यांनी घोड्यांच्या शर्यतींवरच्या सोडतीतून रुग्णालयांसाठी जमलेला निधी व्याजापुरता न वापरता मुद्दलासकट खर्चायला काढला आणि क्षयरुग्णांसाठी सुमारे दोन हजार खाटा उभ्या केल्या. स्ट्रेप्टोमायसिन आणि बीसीजी लस याच सुमारास हाती आल्या, त्यामुळे मृत्यू झपाट्याने घटले. हे श्रेय एकट्या ब्राऊनचं नाही, आधीच्या सरकारची तयारीही त्यात होती. पण घाई त्यांची होती आणि ती घाई जीव वाचवणारी होती.

माता-बालक योजनाही मुळात त्यांची नव्हे. फिना फॉइलने १९४७ च्या आरोग्य कायद्यातच तिची तरतूद केली होती. बिशपांनी तेव्हा, ऑक्टोबर १९४७ मध्ये, डी व्हॅलेरांकडे खासगीत हरकत नोंदवली होती. ते प्रकरण धसास लागायच्या आत सरकार बदललं आणि कायदा तसाच पुस्तकात राहिला.

या योजनेने काय बदललं असतं, ते कळण्यासाठी आधीची व्यवस्था पाहू. आयर्लंडमध्ये १८५१ पासून गरिबांसाठी दवाखान्यांची पद्धत होती. डॉक्टर मोफत, पण आधी चिठ्ठी आणायची. दवाखान्यात जाऊन दाखवायचं तर काळी चिठ्ठी, डॉक्टरला घरी बोलवायचं तर लाल चिठ्ठी. ती देणारा असायचा गावातला एखादा पुढारी नाहीतर अधिकारी. म्हणजे पोर तापाने फणफणलेलं असताना आईने आधी त्याच्या दारात उभं राहून आपण किती गरीब आहोत हे पटवायचं, मग डॉक्टर. ज्यांची कमाई चिठ्ठीपुरती कमी नव्हती आणि डॉक्टरच्या फीपुरती जास्त नव्हती, त्यांचे हाल आणखी वाईट. ते आजार अंगावर काढत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. ब्राऊन यांचा सगळा हट्ट एका मुद्द्यावर होता: कसलीही उत्पन्नाची अट नको. सक्ती मात्र कुणावरच नव्हती. ज्याला आपल्या खासगी डॉक्टरकडे जायचं त्याने जावं.

बिशपांचा युक्तिवाद

१० ऑक्टोबर १९५० ला मेनूथ इथे बिशपांची बैठक झाली आणि त्यांचे सचिव, फर्न्सचे बिशप जेम्स स्टॉन्टन यांच्या सहीचं पत्र कॉस्टेलोंच्या नावे निघालं. ते पत्र सावकाश वाचायला हवं, कारण त्यात दोन वेगळ्या भीती एकमेकींत गुंफल्या आहेत.

पहिली भीती राज्यसत्तेची. मुलांच्या आरोग्याची काळजी घेण्याचा हक्क आईवडिलांचा आहे, राज्याचा नाही. राज्याने पूरक म्हणून यावं, जागा बळकावू नये. गरीब किंवा निष्काळजी आईवडील असतील तर मदत करावी, पण अशा १० टक्क्यांसाठी उरलेल्या ९० टक्के आईवडिलांचा हक्क काढून घेता येणार नाही. हा विचार हवेतून आलेला नव्हता. १८९१ आणि १९३१ च्या पोपच्या परिपत्रकांमधून आलेलं हे सामाजिक तत्त्वज्ञान होतं. युरोपात फॅसिस्ट आणि कम्युनिस्ट राजवटींनी कुटुंबाच्या आत हात घातलेला ज्यांनी पाहिला होता, त्यांना ते खोटं वाटत नव्हतं. पूर्व युरोपात तेव्हाही बिशप तुरुंगात होते. शिवाय मॅक्वेड गरिबांविषयी बेफिकीर होते असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. १९४१ मध्ये त्यांनी कॅथलिक समाजसेवेची मोठी यंत्रणा उभी केली. डब्लिनच्या गरीब वस्त्यांमध्ये तिने बाळंतिणींना आणि मुलांना अन्न पुरवलं. आईला दूध मिळावं हे त्यांनाही हवं होतं. फक्त ते चर्चच्या हातून मिळावं.

पण ९० टक्क्यांचा हा हिशेब मला पटत नाही. जी सेवा घ्यायची की नाही हे आईवर सोपवलं आहे, तिने आईचा हक्क जातो कसा? त्या पत्रात प्रत्यक्ष आई कुठे दिसत नाही. हक्क आहेत, तत्त्वं आहेत, पण लाल चिठ्ठीसाठी दारात उभी असलेली बाई नाही.

दुसरी भीती स्त्रीच्या शरीराची. योजनेत मातांना आरोग्यशिक्षण देण्याची तरतूद होती. लैंगिक संबंध, शुचिता आणि विवाह यांबद्दल कॅथलिक मुलीला शिकवायचा अधिकार राज्याला नाही, असं बिशपांनी लिहिलं. स्त्रीरोग उपचारांत इतर देशांत संततिनियमन आणि गर्भपात येतो, उद्या इथेही येईल, अशी शंका घेतली. आणि ज्या संस्थांवर आमचा विश्वास नाही तिथे शिकलेले डॉक्टर नेमले जातील, असंही. हा रोख कळायला डब्लिनच्या वाचकाला वेळ लागला नसता. प्रॉटेस्टंट परंपरेच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये शिकायला मॅक्वेड यांनी आपल्या क्षेत्रातल्या कॅथलिकांना बंदी केली होती, आणि ब्राऊन ट्रिनिटीचेच डॉक्टर होते.

११ ऑक्टोबरला ब्राऊन यांना ड्रमकोन्ड्राला आर्चबिशपच्या निवासस्थानी बोलावणं आलं. समोर मॅक्वेड, स्टॉन्टन आणि गॉलवेचे बिशप मायकल ब्राऊन. आपण सगळ्या शंका फेडल्या, अशा समजुतीने मंत्री बाहेर पडले. मॅक्वेड यांनी बिशपांना दिलेल्या वृत्तांतातलं चित्र निराळंच होतं. बिशपांच्या पत्राला ब्राऊन यांनी उत्तर तयार करून कॉस्टेलोंकडे पाठवण्यासाठी दिलं. कॉस्टेलोंनी ते हिवाळाभर स्वतःजवळच ठेवलं.

खिशाचा प्रश्न

या मधल्या महिन्यांत आयरिश मेडिकल असोसिएशनने जोर धरला. शेजारच्या ब्रिटनमध्ये १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती आणि 'समाजवादी वैद्यक' हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी बसला होता. खासगी फीचं उत्पन्न जाणार, ही त्यांची मुख्य चिंता. संरक्षणमंत्री टॉम ओहिगिन्स स्वतः डॉक्टर होते आणि मंत्रिमंडळातच डॉक्टरांची बाजू मांडत होते. उत्पन्नाची अट घाला, आम्ही येतो, असं डॉक्टरांचं म्हणणं. उत्पन्नाची अट नसणं हेच बिशपांनाही खुपत होतं. दोघांची कारणं वेगळी, मागणी एक. पैशाच्या हितसंबंधाला धर्मतत्त्वाची ढाल मिळाली. डॉक्टर एकटे असते तर मंत्रिमंडळ त्यांच्याशी कदाचित वर्षभर भांडलं असतं.

ब्राऊन यांचंही चुकलं. सहकाऱ्यांना विश्वासात घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, मॅकब्राइडशी त्यांचं पक्षात उघड वैर झालं होतं, आणि ६ मार्च १९५१ ला त्यांनी मंत्रिमंडळाशी नीट बोलणी न करताच योजना जाहीर करून टाकली. दोनच दिवसांत मॅक्वेड यांचं उत्तर आलं: ऑक्टोबरमधल्या हरकती जशाच्या तशा कायम आहेत.

४ एप्रिलला बिशप पुन्हा जमले आणि ५ एप्रिलच्या पत्राने मॅक्वेड यांनी कॉस्टेलोंना निर्णय कळवला. ही योजना कॅथलिक सामाजिक शिकवणीच्या विरुद्ध आहे. ब्राऊन सुरुवातीपासून एकच विचारत होते: ती कॅथलिक नीतिशिकवणीच्या विरुद्ध आहे का? एका धर्मशास्त्रज्ञाकडून त्यांनी खासगीत खात्री करून घेतली होती की तशी ती नाही. नीतीच्या विरुद्ध असेल तर श्रद्धावंताचा प्रश्नच मिटतो, पण सामाजिक शिकवण म्हणजे समाजाची घडी कशी असावी याविषयीचं मत, आणि त्यात नागरिकाला जागा उरते. ब्राऊन यांचा सगळा डाव या भेदावर होता. ६ एप्रिलच्या मंत्रिमंडळ बैठकीत त्या भेदाला कुणी हात लावला नाही. योजना मागे घ्यायची आणि कॅथलिक शिकवणीशी जुळणारी नवी आखायची, असं ठरलं.

१० तारखेला मॅकब्राइड यांनी राजीनामा मागितला, ११ ला ब्राऊन यांनी दिला, १२ ला डॉलमध्ये चर्चा झाली. कॉस्टेलो म्हणाले, आपण कॅथलिक म्हणून चर्चच्या अधिकाऱ्यांची आज्ञा पाळतो आणि पाळत राहू. हे सगळं शांतपणे, चार भिंतींत मिटायला हवं होतं, लोकांना याचा पत्ताच लागायला नको होता, असंही ते बोलले. मॅकब्राइड यांनी सांगितलं की, सभागृहातले आम्ही कॅथलिक धर्मपीठाच्या निर्णयाला बांधलेले आहोत. खुद्द ब्राऊन यांनीही बिशपांचं मत आपण कॅथलिक म्हणून निर्विवाद स्वीकारतो असं म्हटलं. त्यांची तक्रार सहकाऱ्यांच्या वागण्याबद्दल होती. आणि विरोधी बाकावरून डी व्हॅलेरा एवढंच म्हणाले: आम्ही पुरेसं ऐकलं.

या सगळ्यात मॅकब्राइड यांचं वाक्य मला सर्वांत जड वाटतं. १८ एप्रिल १९४९ ला, ईस्टर सोमवारी, आयर्लंड अधिकृतपणे प्रजासत्ताक झालं. त्याच महिन्यात भारताने प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहायचं ठरवलं; आयर्लंडने ब्रिटिश राजमुकुटाशी उरलेला धागाही तोडला. पण आयरिश रिपब्लिकनांच्या प्रजासत्ताकात सार्वभौमत्वाचा अर्थ लंडनपासून मुक्ती इथपर्यंतच पोचला होता. कायदा करताना निवडून आलेल्यांचा शब्द अखेरचा, हा अर्ध्याहून मोठा भाग त्यांच्या हिशेबात धरलेलाच नव्हता. ज्यांच्या फळीने बिशपांचा रोष पत्करला होता, त्यांना सत्तेच्या जवळ येताच सिद्ध करायचं होतं की आपण बाटलेले नाही, लाल नाही.

डी व्हॅलेरांना तशी गरज उरली नव्हती. ३० मे १९५१ च्या निवडणुकीत क्लॅन ना पोब्लख्टा १० वरून २ जागांवर आला, ब्राऊन अपक्ष म्हणून निवडून आले आणि त्यांच्यासारख्यांच्या पाठिंब्यावर डी व्हॅलेरांचं सरकार बनलं. १९५३ मध्ये त्यांच्या सरकारने नवा आरोग्य कायदा आणला. बिशपांनी विरोधाचं पत्रक तयार करून वर्तमानपत्रांकडे धाडलंही होतं. डी व्हॅलेरांनी कार्डिनल डॉल्टन यांची गाठ घेतली, पत्रक छापायचं थांबलं, काही कलमं बदलली, कायदा झाला. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना बाळंतपणाची मोफत सेवा मिळाली; बाळांसाठी ती सहा आठवड्यांपुरती. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांची सेवा गेली, उत्पन्नाची अट राहिली. त्याच वर्षी डॉलमध्ये मजूर पक्षाचे ब्रेंडन कॉरिश म्हणाले की, आपण आधी कॅथलिक आणि मग आयरिश. फाळणीनंतर ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनशी जोडलेलंच राहायचं म्हणणाऱ्या युनियनिस्टांना याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? 'होमरूल म्हणजे रोमरूल' ही त्यांची जुनी घोषणा; १९५१ चा पत्रव्यवहार त्यांनी प्रचारात पुरेपूर वापरला. बेट एक करायला निघालेल्या पक्षाने फाळणीच्या समर्थकांच्या हाती कोलीत दिलं.

क्लॅन ना पोब्लख्टा १९६५ मध्ये विसर्जित झाला. १९७२ मध्ये मॅक्वेड आर्चबिशपपदावरून उतरले, दवाखान्यांची चिठ्ठीपद्धत त्याच वर्षी बंद झाली आणि डिसेंबरच्या सार्वमताने चर्चचं 'विशेष स्थान' घटनेतून गेलं. उत्पन्नाची अट न लावता मुलांना मोफत डॉक्टर देण्याचा पुढचा प्रयत्न २०१५ मध्ये झाला, तोही फक्त सहा वर्षांखालच्यांसाठी. या वेळी बिशपांकडून हरकतीचं पत्र आलं नाही. खळखळ झाली ती डॉक्टरांकडून, मोबदला आणि वाढत्या कामावरून.